गाठीभोवतीचा वेढा

१९२२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात स्तनाच्या कर्करोगावरचा एक लेख छापून आला. लेखक दोघे होते, शल्यचिकित्सक वॉल्टर सिस्ट्रंक आणि पॅथॉलॉजिस्ट विल्यम मॅकार्टी. दोघेही मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये काम करत. स्तन काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या २१८ रुग्णांपैकी कोण किती वर्षं जगलं, याचा हिशेब त्यांनी मांडला होता. असे हिशेब त्या काळात इतर रुग्णालयंही मांडत होती. पण त्यात पाहिलं जाई ते इतकंच, की गाठ केवढी होती आणि रोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता की नाही. मॅकार्टींनी काचपट्टीवर कर्करोगाच्या पेशींच्या आजूबाजूला काय दिसतं, तेही टिपून ठेवलं. कुठे गाठीभोवती तंतूंचं जाळं होतं, कुठे लसिकापेशींची, म्हणजे लिम्फोसाइट्सची गर्दी होती. ही गर्दी ज्यांच्या गाठीत होती, त्या बायका जास्त जगल्या होत्या.

त्याच वर्षी मॅकार्टींनी २९३ रुग्णांचा आणखी एक लेख लिहिला. कर्करोगाच्या रुग्णाचं आयुष्य कशावर अवलंबून असतं, हा त्याचा विषय. शरीर रोगाला काहीतरी उत्तर देतं आणि ते उत्तर काचपट्टीवर दिसतं, असं त्यांना ठामपणे वाटत होतं. आज ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी अहवालात लसिकापेशींची टक्केवारी लिहावी असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. मॅकार्टींच्या निरीक्षणापासून या सल्ल्यापर्यंत यायला जवळपास शंभर वर्षं लागली. मधल्या काळात त्यासाठी लागणारं यंत्र नव्हतं, असं मुळीच नाही. सूक्ष्मदर्शक होता, रंग होते, काचपट्ट्या होत्या. तरीही इतका उशीर का झाला, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी ती काचपट्टी जवळून पाहू. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात आणि चार-पाच मायक्रोमीटर जाडीचा पापुद्रा कापतात. मग तो दोन रंगांत बुडवतात. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून निघतं आणि पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन हा कारखान्यात तयार होणारा रंग बाकीचा भाग गुलाबी करतो. ही जोडी १८७६ पासून वापरात आहे आणि आजही जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटून झुंडीनं वाढलेल्या दिसतात. झुंडींच्या मधली गुलाबी, तंतुमय जागा म्हणजे स्ट्रोमा. काही गाठींमध्ये ही जागा जवळजवळ रिकामी असते. काहींमध्ये मात्र कुणी मूठभर मोहरी सांडावी तसे गोल, गडद ठिपके सगळीकडे पसरलेले असतात. त्या लसिकापेशी. प्रत्येक ठिपका म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रकच, त्याभोवती पेशीद्रव्याची जेमतेम एक किनार. काही ठिकाणी हे ठिपके कर्करोगाच्या झुंडीत घुसलेलेही सापडतात. ओळखायला ते अवघड नाहीत. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते दाखवू शकतो.

ठिपके दिसत होते, पण त्यांचा अर्थ कुणाला लागत नव्हता. १८६३ साली रुडॉल्फ विरखो या जर्मन वैद्यकतज्ज्ञाला गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. त्यावरून त्यानं अनुमान काढलं की जिथे दीर्घकाळ दाह चालू असतो तिथेच कर्करोग उपजतो. त्याच्या लेखी या पेशी रोगाच्या मुळाशी होत्या. साठ वर्षांनी मॅकार्टींना त्याच पेशी शरीराच्या बाजूनं लढणाऱ्या वाटल्या. दोघांपैकी कुणाचं खरं, हे ठरवायला हाती काही नव्हतं, कारण लसिकापेशी शरीरात नेमकं कोणतं काम करते हेच तेव्हा माहीत नव्हतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जेम्स मर्फी यांनी कोंबडीच्या वाढत्या गर्भावर प्रयोग करून दाखवलं होतं की बाहेरून रुजवलेली गाठ लसिकापेशी मोडून काढतात. पण त्यांचे प्रयोग काळाच्या फारच पुढे होते, आणि त्यांचा धागा पुढे कुणी धरला नाही.

शस्त्रक्रियेच्या जगात त्या वेळी विल्यम हॉल्स्टेड यांचा शब्द चालत होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी केलेल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तान्त १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकसंध काढून टाकायचं, ही त्यांची पद्धत. त्यामागची कल्पना सरळ होती. कर्करोग एका जागी सुरू होतो, तिथून पायरीपायरीनं बाहेर सरकतो, आणि तो सरकण्याआधी चाकू पुरेसा लांब नेला की बाई वाचते. या चित्रात रुग्णाच्या शरीराला काहीच भूमिका नाही. शरीर म्हणजे नुसतं रणांगण. काखेतल्या ग्रंथी म्हणजे रोग अडवणाऱ्या गाळण्या, त्या भरल्या की उपटून काढायच्या. सुमारे सत्तर वर्षं हा विचार स्तनाच्या कर्करोगावर राज्य करत राहिला. त्यामुळे बायकांच्या खांद्यांची, हातांची आणि छातीची जी हानी झाली ती झालीच. पण मॅकार्टींच्या प्रश्नाला जागाच उरली नाही, हेही या विचाराचं नुकसान मानलं पाहिजे. उपचार हा फक्त लांबी-रुंदीचा प्रश्न मानला, की गाठीभोवतीच्या पेशींकडे बघण्याचं कारणच राहत नाही.

मधल्या काळात लंडनमधून एक वेगळा पुरावा आला. तिथल्या मिडलसेक्स रुग्णालयात १७९२ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष होता, आणि बरं होण्याची आशा नसलेल्या बायकांनाही अखेरपर्यंत तिथे राहता येत असे. त्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. एच. जे. जी. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १८०५ ते १९३३ या काळातल्या, कोणताही उपचार न झालेल्या २५० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९६२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. लक्षण दिसल्यापासून निम्म्या बायका तीन वर्षंही जगल्या नव्हत्या. पण शंभरात अठरा जणी पाच वर्षांनंतर जिवंत होत्या, आणि काही दहा वर्षांनंतरही. कुणी हातही न लावलेला तोच रोग एकीला वर्षभरात संपवतो आणि दुसरीला दहा वर्षं देतो. हा फरक कुठून येतो? त्याचं एक उत्तर ब्लूम यांनीच आधी दिलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी आणि रिचर्डसन यांनी गाठीची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली. पेशी मूळ ऊतीपासून किती बिघडल्या आहेत, किती वेगानं दुभंगत आहेत, यावर पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी. ती पद्धत थोडी सुधारून आजही वापरतात.

पण या श्रेणीला एक अपवाद होता. मेड्युलरी कार्सिनोमा नावाची एक गाठ असते. हाताला मऊ, कडा स्पष्ट. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी भयंकर दिसतात, श्रेणी हमखास तिसरी, म्हणजे सगळ्यात वाईट. या हिशेबानं अशा बायका लवकर जायला हव्या होत्या. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातले ओलिव्हर मूर आणि फ्रँक फूट यांनी १९४९ मध्ये दाखवलं की त्या जात नाहीत, उलट इतर बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त जगतात. ब्लूम यांनी पुढे १,४११ रुग्णांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्यांपैकी १०४ गाठी मेड्युलरी होत्या. १९७० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा विषय होता रुग्णाच्या शरीराचा प्रतिकार. कारण या सगळ्या गाठींमध्ये एक गोष्ट ठळक होती. कर्करोगाच्या झुंडींभोवती लसिकापेशी दाटीवाटीनं भरलेल्या असत.

त्याआधी, पन्नासच्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये मॉरिस ब्लॅक नावाचे पॅथॉलॉजिस्ट काखेतल्या ग्रंथींच्या काचपट्ट्या तपासत होते. ज्या ग्रंथीत रोग पोचलेला नाही ती त्यांना विशेष महत्त्वाची वाटे. अशा काही ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारपेशींनी गजबजलेल्या असत आणि त्या रुग्णांचं पुढचं आयुष्य बरं असे. १९५३ आणि १९५५ मध्ये त्यांनी हे लिहिलं. हॉल्स्टेडच्या चौकटीत ज्या ग्रंथी फक्त उपटायच्या होत्या, त्या जिवंत आहेत आणि काहीतरी करत आहेत, असं ब्लॅक सांगत होते. माझ्या मते या कथेतला सर्वांत धाडसी माणूस हाच. त्यांच्या पद्धतीत त्रुटी होत्या, पुढच्या तपासण्यांत त्यांची काही निरीक्षणं टिकली नाहीत. पण शल्यचिकित्सकांचा शब्द अखेरचा असण्याच्या काळात त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

लसिकापेशीचं काम मात्र याच वर्षांत उलगडत गेलं. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गॉवन्स यांनी उंदरांवर दाखवलं की लसिकापेशी रक्तातून लसिकेत आणि लसिकेतून पुन्हा रक्तात अखंड फिरत असतात. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली. ते उंदीर परक्या कातडीचं कलम नाकारेनासे झाले. थायमस हा तोवर निरुपयोगी अवशेष समजला जाई. तिथेच तयार होणाऱ्या, आज आपण टी-पेशी म्हणतो त्या लसिकापेशी शरीराचे पहारेकरी आहेत, हे त्यातून कळलं. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्याआधीच कल्पना मांडली होती की शरीरात कर्करोगाच्या पेशी अधूनमधून उपजतच असतात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांना शोधून संपवते. मॅकार्टींनी चाळीस वर्षांपूर्वी टिपलेल्या ठिपक्यांना आता काम मिळालं होतं, नाव मिळालं होतं. इथून पुढे वाट सोपी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

साठच्या आणि सत्तरच्या दशकांत एकामागून एक अभ्यास आले आणि एकमेकांना खोडून काढत गेले. कुणाला लसिकापेशी जास्त असलेल्या बायका जास्त जगलेल्या दिसल्या, कुणाला काहीच फरक दिसला नाही, कुणाला उलट दिसलं. मोजण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी. एक जण गाठीच्या कडेला बघे, दुसरा मध्यभागी, तिसरा जिथे सर्वांत जास्त गर्दी तिथे. मेड्युलरी गाठ कशाला म्हणायचं यावरही दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईना. त्यातच १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन यांनी थायमस नसलेल्या उंदरांना कर्करोगकारक रसायन टोचलं, तर त्यांना साध्या उंदरांपेक्षा जास्त गाठी झाल्याच नाहीत. बर्नेट यांच्या कल्पनेला मोठा धक्का बसला. या उंदरांमध्ये प्रतिकाराच्या दुसऱ्या पेशी शाबूत होत्या, ही गोष्ट नंतर समजली. तोपर्यंत प्रतिकारशक्ती आणि कर्करोग हा विषय प्रतिष्ठित शास्त्रज्ञांनी टाळण्याचा विषय होऊन बसला होता.

स्तनाच्या कर्करोगाचं मुख्य संशोधन तेव्हा दुसऱ्या दिशेनं धावत होतं, आणि ते धावणं व्यर्थ नव्हतं. अमेरिकी शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांच्या मोठ्या चाचण्यांनी हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया मोडीत काढली. १९८५ पर्यंत सिद्ध झालं की फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला, टॅमॉक्सिफेन हे औषध आलं. नंतर हर-२ हे प्रथिन सापडलं आणि त्यावरचं ट्रास्टुझुमॅब आलं. या प्रत्येकात शोध कर्करोगाच्या पेशीचाच होता. तिच्यावर कोणतं कुलूप आहे आणि त्याला कोणती किल्ली लागेल, एवढंच पाहिलं जात होतं. भोवतालच्या पेशी काचपट्टीवर होत्या तिथेच राहिल्या.

गंमत म्हणजे त्या पेशींचं कोडं सोडवणारी गोष्टही याच दिशेनं आली. २००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी गाठींतल्या जनुकांच्या हालचाली मोजून दाखवलं की स्तनाचा कर्करोग हा एक रोग नाही, निरनिराळ्या स्वभावांचे अनेक रोग आहेत. संप्रेरकांवर वाढणारे वेगळे, हर-२ चे वेगळे, आणि ज्यांच्यावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन किंवा हर-२ यांपैकी कोणतीच खूण नाही ते वेगळे. या शेवटच्यांना आपण ट्रिपल निगेटिव्ह म्हणतो. आता जुन्या अभ्यासांतला गोंधळ कशामुळे झाला होता ते दिसू लागलं. लसिकापेशी जास्त करून वाईट श्रेणीच्या गाठींत असतात. त्यामुळे सगळ्या बायकांना एकाच ढिगात घातलं, तर लसिकापेशी वाईट लक्षण वाटू शकतात. पण फक्त ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-२ पॉझिटिव्ह गाठींच्या बायका घेतल्या, तर लसिकापेशींचा फायदा स्वच्छ दिसतो. मॅकार्टी, ब्लूम, ब्लॅक यांना दिसलेलं खरंच होतं. त्यांच्या हाती फक्त ही विभागणी नव्हती.

आतड्याच्या कर्करोगात फ्रान्सच्या जेरोम गॅलॉन यांनी २००६ मध्ये दाखवलं की टी-पेशींच्या संख्येवरून रुग्णाचं भविष्य सांगता येतं, कधीकधी नेहमीच्या टप्प्यांपेक्षाही चांगलं. त्याच सुमारास पॅरिसजवळ लॉरेन्स झिटव्होगेल आणि गिडो क्रोमर यांच्या गटानं आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली. अँथ्रासायक्लिनसारखी काही केमोची औषधं कर्करोगाच्या पेशीला अशा तऱ्हेनं मारतात, की मरता मरता ती प्रतिकारयंत्रणेला हाक देते. म्हणजे केमोचं काही काम रुग्णाच्या स्वतःच्या लसिकापेशीच पूर्ण करत असतात. हे कळल्यावर एक थेट प्रश्न पुढे आला: ज्या गाठीत या पेशी आधीपासूनच हजर आहेत, तिथे केमो जास्त चालेल का?

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कार्स्टन डेंकर्ट यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर देणारा साठा होता. जर्मनीतल्या दोन मोठ्या चाचण्यांत शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेल्या १,०५८ बायकांच्या बायोप्सी. २०१० मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केले. ज्या गाठी लसिकापेशींनी भरलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे ४० टक्के केमोनंतर पूर्णपणे नाहीशा झाल्या. ज्यांत लसिकापेशी नव्हत्या, त्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होतं. २०१३ मध्ये ब्रसेल्समध्ये काम केलेल्या आणि पुढे मेलबर्नला गेलेल्या शेरीन लोई यांनी काखेत रोग पोचलेल्या २,००९ बायकांच्या काचपट्ट्या तपासल्या. ट्रिपल निगेटिव्ह गाठींत स्ट्रोमातल्या लसिकापेशी दर दहा टक्क्यांनी वाढल्या, की रोग परतण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी घटत होती. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींत असं काही दिसलं नाही.

यानंतर जे झालं त्याची फारशी चर्चा होत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. आधीची पिढी मोजण्यातही अडखळली होती. म्हणून बेल्जियमचे रोबेर्तो साल्गादो यांच्या पुढाकारानं पॅथॉलॉजिस्टांचा एक आंतरराष्ट्रीय गट जमला आणि त्यांनी मोजण्याचे नियम ठरवले. गाठीच्या हद्दीतला स्ट्रोमाच बघायचा. त्याच्या किती टक्के भागावर लसिकापेशी आणि प्लाझ्मा पेशी आहेत ते लिहायचं. सगळ्यात जास्त गर्दीची जागा शोधून तिथलाच आकडा द्यायचा नाही, सरासरी घ्यायची. मेलेला भाग, निरोगी भाग, न्यूट्रोफिल पेशी वगळायच्या. मग एकाच काचपट्टीचे फोटो वेगवेगळ्या देशांतल्या पॅथॉलॉजिस्टांना पाठवून त्यांचे आकडे किती जुळतात ते तपासलं. पहिल्या फेरीत जुळणीचा अंक ०.७० आला (पूर्ण जुळणी म्हणजे १). मार्गदर्शनाची साधनं दिल्यावर दुसऱ्या फेरीत तो ०.८९ झाला. १९७० च्या दशकात हे कुणी केलं असतं, तर काही वर्षं तरी वाचली असती. शोध लावण्याइतकंच कष्टाचं आणि त्याहून कमी मान मिळवून देणारं काम हे असतं. २०१९ पर्यंत नऊ अभ्यासांतल्या २,१४८ ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांची माहिती एकत्र झाली, आणि ज्यांच्या काखेत रोग पोचला नव्हता व लसिकापेशी ३० टक्क्यांच्या वर होत्या, अशांपैकी ९९ टक्के जणी तीन वर्षांनंतर जिवंत होत्या. त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगावरच्या सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेनं ट्रिपल निगेटिव्ह गाठींमध्ये ही टक्केवारी नोंदवण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातून मेड्युलरी हा स्वतंत्र प्रकार काढून टाकण्यात आला. आता ती लसिकापेशींनी समृद्ध अशा गाठींच्या मोठ्या पट्ट्याचं एक टोक मानली जाते.

या पेशी म्हणजे सरसकट शुभशकुन मात्र नव्हेत. डेंकर्ट यांनी २०१८ मध्ये ३,७७१ बायकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा संप्रेरकांवर वाढणाऱ्या, हर-२ नसलेल्या गाठींत लसिकापेशी जास्त असणाऱ्या बायका एकूण कमी जगलेल्या दिसल्या. एकच ठिपका, दोन रोगांत दोन अर्थ. विरखो आणि मॅकार्टी, दोघांनाही अर्धं बरोबर दिसलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

दुसरीकडे औषधांची शर्यत चालू होती. टी-पेशींना रोखून धरणारे ब्रेक जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांनी शोधले होते. त्यासाठी २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं. हे ब्रेक सोडवणारी औषधं ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी पीडी-एल१ नावाचं प्रथिन मोजायला सुरुवात झाली. इथे जुनीच चूक नव्या वेषात आली. एका कंपनीची चाचणी एका प्रतिपिंडानं, दुसरीची दुसऱ्यानं, आणि दोघींचे नियमही वेगळे. एकाच गटातल्या रुग्णांच्या गाठी वेगवेगळ्या चाचण्यांनी तपासल्या, तर एका चाचणीत ४६ टक्के बायका पॉझिटिव्ह आणि दुसरीत ८१ टक्के. या औषधांपैकी अ‍ॅटेझोलिझुमॅबला मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत या खुणेवर मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली. त्याच गटातलं पेम्ब्रोलिझुमॅब टिकलं. शस्त्रक्रियेआधी केमोसोबत ते दिलेल्या रुग्णांपैकी ८६.६ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होत्या, न दिलेल्यांपैकी ८१.७ टक्के. पण हा फायदा पीडी-एल१ असो वा नसो, दोन्हीकडे दिसला. म्हणजे महागड्या खुणेनं निवड केली नाही. पन्नास पैशांच्या रंगानं दिसणाऱ्या ठिपक्यांनी मात्र कुणाचं भविष्य बरं आहे ते सांगितलं.

भारतात स्वस्त-महागाचा हा फरक नुसत्या हिशेबापलीकडचा आहे. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळलं आहे. पाश्चात्त्य देशांच्या जवळपास दुप्पट. ब्रेक सोडवणारी औषधं बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात याच गटातलं निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो रोग वेगळा, पण प्रश्न तोच: थोडक्यात भागेल असं काही आहे का. लसिकापेशी मोजायला वेगळी चाचणी लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही. नेहमीच्या निदानासाठी बनवलेली काचपट्टी पुरते, आणि प्रशिक्षित पॅथॉलॉजिस्टची दोन-चार मिनिटं.

सर्वांत महत्त्वाची साक्ष नेदरलँड्समधून आली. १९८९ ते २००० या काळात तिथे, काखेत रोग न पोचलेल्या अनेक तरुण बायकांना शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांशिवाय काहीच दिलं जात नसे. तेव्हाची पद्धतच तशी होती. त्यांच्या गाठींचे मेणातले ठोकळे देशभरच्या प्रयोगशाळांत जपलेले होते. चाळिशीच्या आतल्या, ट्रिपल निगेटिव्ह अशा ४४१ बायकांचे ठोकळे बाहेर काढून नव्या नियमांनी लसिकापेशी मोजण्यात आल्या. २०२२ मध्ये निकाल आले. ज्यांच्या गाठीत लसिकापेशी ३० टक्क्यांहून कमी होत्या, त्यांपैकी ५९ टक्के पंधरा वर्षांनंतर जिवंत होत्या. ज्यांच्यात ७५ टक्के किंवा त्याहून जास्त होत्या, त्यांपैकी ९३ टक्के. केमोचा एक थेंब न घेता. आणि अशा बायका थोड्याथोडक्या नव्हत्या, दर पाचातली एक. चाळिशीच्या आतली बाई, ट्रिपल निगेटिव्ह रोग, केमो नाही, हे तिन्ही शब्द एकत्र ऐकले तर आजचा कोणताही डॉक्टर धास्तावेल. तरीही त्या जगल्या. २०२४ मध्ये तीन खंडांतल्या १३ केंद्रांतून, केमो न घेतलेल्या १,९६६ ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांची माहिती ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पहिल्या टप्प्यातल्या, ५० टक्के किंवा जास्त लसिकापेशी असलेल्या बायकांपैकी ९५ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांपैकी ८२ टक्के.

मला या दोन अभ्यासांतल्या बायकांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांच्यापैकी अनेकींना आज वाचवू शकणारे उपचार मिळाले नाहीत, आणि काहींचा त्यात जीव गेला. त्यांच्या जपलेल्या गाठींमुळे आता पुढचा प्रश्न विचारता येतो. आज ट्रिपल निगेटिव्ह गाठ लहान असली तरी बहुतेक बायकांना केमो दिली जाते. केस जातात, हृदयावर आणि नसांवर परिणाम होतो, तरुण बाईची पाळी थांबू शकते. ज्यांच्या गाठीभोवती लसिकापेशींचा दाट वेढा आहे, त्यांना यातलं किती टाळता येईल? यासाठी युरोपात अशा निवडक रुग्णांना केमो न देता किंवा कमी देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या चाचण्या उभ्या राहत आहेत. ट्रिपल निगेटिव्ह रोग परतायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांतच परततो, त्यामुळे उत्तरासाठी फार वर्षं थांबावं लागणार नाही. तोपर्यंत या टक्केवारीच्या भरवशावर कुणी स्वतःहून केमो नाकारू नये, हे डॉक्टर बजावतात आणि ते योग्यच आहे. पण ट्रिपल निगेटिव्हचा अहवाल हाती आला आणि त्यात लसिकापेशींचा आकडा नसेल, तर तो लिहून द्या असं आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावं. काचपट्टी तयारच असते.